कसांड्राला कोणी अडवत का नाही?

इ.स.पू. 480 मध्ये सलामिसच्या अरुंद समुद्रात ग्रीक आणि इराणी आरमारांची गाठ पडली. इराणच्या बाजूने लढणाऱ्यांत हालिकार्नाससची राणी आर्टेमिसिया होती. स्वतःची पाच जहाजं घेऊन ती युद्धात उतरली होती. इतिहासकार हिरोडोटस त्याच हालिकार्नाससचा. त्याने लिहून ठेवलं आहे की, आर्टेमिसियाला जिवंत पकडून आणणाऱ्याला अथेन्सने 10,000 द्राख्मांचं इनाम लावलं होतं, कारण एका बाईने अथेन्सवर चालून यावं हे त्या शहराला सहन होत नव्हतं. हातात शस्त्र घेतलेल्या बाईकडे अथेन्स कोणत्या नजरेने पाहत होतं, हे या एका तपशिलातून कळतं. त्या काळी अशी बाई असू शकत होती आणि ती असल्याचा लोकांना राग येत होता, अशा दोन्ही गोष्टी त्यात एकाच वेळी नोंदल्या गेल्या आहेत.

ऑक्टोबर 2018 मध्ये यूबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा ‘असॅसिन्स क्रीड ऑडिसी’ हा व्हिडिओ गेम बाजारात आला. त्याचा काळ अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाचा, म्हणजे इ.स.पू. 431 आणि पुढचा. हाच हिरोडोटस त्यात एक पात्र आहे आणि तो नायकाच्या जहाजावरून प्रवास करतो. हा नायक कोण असावा, हे खेळणाऱ्याने सुरुवातीलाच ठरवायचं असतं: स्पार्टाचा राजा लिओनिडस याचा नातू अलेक्सिओस किंवा नात कसांड्रा. कसांड्रा निवडली तर ती तलवार लटकवून अथेन्सच्या रस्त्यांवरून फिरते, अथेन्सचा नेता पेरिक्लीज याच्या घरच्या मद्यपानाच्या मैफलीत वावरते, ऑलिंपियाला जाऊन पँक्रेशनच्या कुस्तीत उतरते. ही कुस्ती पाहायला बसण्याचीही विवाहित स्त्रियांना मनाई होती. इतिहासकार थ्युसिडिडीजने पेरिक्लीजच्या तोंडी जे भाषण दिलं आहे, त्यात युद्धात विधवा झालेल्या स्त्रियांना तो सांगतो की पुरुषांच्या बोलण्यात ज्यांचं नाव कमीत कमी येईल त्याच थोर. त्याच पेरिक्लीजच्या दिवाणखान्यात कसांड्रा बिनदिक्कत शिरते आणि तिला कोणी अडवत नाही. ती बाई असण्याने कथेत काहीही बदलत नाही.

नायकाचं लिंग निवडण्याचा पर्याय वरवर पाहता स्त्रियांना न्याय देणारा वाटतो, आणि बऱ्याच प्रकारच्या गेममध्ये तो तसा असतोही. इतिहासावर उभ्या असलेल्या कथेत मात्र हा न्याय अर्धाच आहे. दोन्ही पात्रांसाठी कथा एकच ठेवायची म्हटली, की त्या काळात पुरुषाचं आणि बाईचं आयुष्य जिथे जिथे वेगळं होतं ते सगळं कापून टाकावं लागतं. मग उरते ती पुरुषासाठी लिहिलेली कथा, फक्त देह बाईचा. लेखकांनी निवड खेळाडूवर न सोडता स्वतः करावी, धैर्याने एखादी बाई निवडावी आणि तिच्या काळाच्या पुराव्यांतून तिला घडवावं, हा माझा आग्रह आहे.

ही पद्धत कुठून आली ते पाहिलं, की आग्रहामागचं कारण लक्षात येतं. 2007 मध्ये सुरू झालेल्या ‘असॅसिन्स क्रीड’ मालिकेतल्या मुख्य भागांचे नायक अनेक वर्षं पुरुषच होते. जून 2014 मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या मेळ्यात फ्रेंच राज्यक्रांतीवरचा ‘युनिटी’ दाखवण्यात आला. त्यात चार खेळाडू एकत्र खेळू शकणार होते आणि चौघेही पुरुष असणार होते. बाई का नाही, असं विचारल्यावर कंपनीच्या लोकांनी कामाचा बोजा पुढे केला. अंगाच्या हालचाली नव्याने बसवाव्या लागतील, अशा 8,000 हालचाली होतील, असं सांगितलं गेलं. मालिकेच्या तिसऱ्या भागाच्या हालचालींवर काम केलेले जोनाथन कूपर यांनी तेव्हा जाहीरपणे म्हटलं की त्यांच्या अंदाजाने हे एक-दोन दिवसांचं काम आहे. पॅरिसमधली राज्यक्रांती हा विषय असताना हा वाद झाला, हे मला फार खटकतं. 5 ऑक्टोबर 1789 रोजी पॅरिसच्या बाजारातल्या बायका व्हर्सायवर चालून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाला शहरात घेऊन आल्या. 1793 च्या मे महिन्यात पोलीन लिऑन आणि क्लेअर लाकोंब यांनी क्रांतिकारी स्त्रियांची संघटना काढली, आणि ऑक्टोबरात सरकारने स्त्रियांच्या सगळ्या संघटनांवर बंदी घातली. 13 जुलै 1793 रोजी शार्लोत कोर्देने न्हाणीच्या टबात बसलेल्या मारा या क्रांतिकारी नेत्याचा सुरीने खून केला. त्या क्रांतीतला सगळ्यांत प्रसिद्ध राजकीय खून एका बाईच्या हातून झालेला असताना, छुप्या खुन्यांवरच्या गेममध्ये बाईला जागा सापडू नये!

पुढच्याच वर्षी ‘सिंडिकेट’ आला. 1868 चं लंडन, आणि ईव्ही व जेकब फ्राय ही जुळी भावंडं. 2017 च्या ‘ओरिजिन्स’मध्ये इजिप्तचा बायेक आणि त्याची पत्नी आया होती. मग ‘ऑडिसी’. जुलै 2020 मध्ये ब्लूमबर्गने कंपनीच्या आतली माहिती मिळवून छापली, तेव्हा या तिन्ही गेममधलं समान सूत्र समोर आलं. ‘सिंडिकेट’मध्ये ईव्हीला आधी भावाइतकंच स्थान होतं, ते कमी करण्यात आलं. ‘ओरिजिन्स’च्या सुरुवातीच्या आराखड्यात बायेक लवकरच बाजूला पडून सूत्रं आयाच्या हाती जाणार होती. ‘ऑडिसी’ तर मुळात एकट्या कसांड्राची कथा म्हणून योजली होती. बाई मुख्य भूमिकेत असेल तर माल खपत नाही, हा विक्री विभागाचा आणि कंपनीच्या सर्जनप्रमुखांचा समज प्रत्येक वेळी आडवा आला, असं त्या वृत्तांतात म्हटलं होतं. हे सर्जनप्रमुख, सर्ज हास्कोए, कंपनीत उठलेल्या गैरवर्तनाच्या आरोपांच्या लाटेत त्याच महिन्यात पायउतार झाले. म्हणजे ‘ऑडिसी’तला तो निवडीचा पडदा खेळाडूंना बहाल केलेलं स्वातंत्र्य म्हणून जन्मलेला नाही. एका बाईची कथा एकट्या बाईच्या नावावर विकायला वरच्यांची तयारी नव्हती, म्हणून झालेली ती तडजोड आहे.

या तडजोडीची किंमत लेखनाने मोजली. ‘ऑडिसी’त संवाद जवळजवळ एकच आहेत, ते दोन नटांकडून वदवून घेतले आहेत. कसांड्राचा आवाज देणाऱ्या मेलिसांथी माहुत यांनी या संवादांत जी ऊब, थट्टा आणि थकवा भरला आहे तो अप्रतिम आहे. तरीही अलेक्सिओसच्या तोंडी शोभणार नाही अशी गोष्ट कसांड्राला सहसा बोलता येत नाही, ही मर्यादा नटीच्या हातची नाही. आणि कसांड्रा स्पार्टाची आहे. स्पार्टाच्या मुली उघड्यावर व्यायाम करत, तिथल्या स्त्रियांच्या नावावर जमीन असे. स्पार्टाची जवळजवळ दोन पंचमांश जमीन स्त्रियांच्या हाती गेल्याची तक्रार ॲरिस्टॉटलने पुढच्या शतकात केली. उलट अथेन्सच्या घरंदाज बाईला कोर्टात स्वतःची बाजूही पुरुष पालकामार्फत मांडावी लागे. लहानपणी स्पार्टात वाढलेली एक मुलगी तरुणपणी अथेन्सच्या वेशीतून आत शिरते, या एका प्रसंगात त्या युद्धाच्या दोन्ही बाजू समोरासमोर आणण्याची ताकद होती. स्पार्टाच्या आणि अथेन्सच्या माणसांनी एकमेकांना रानटी का म्हणावं, हे तिच्याकडे वळणाऱ्या नजरांतून समजलं असतं. अलेक्सिओसच्या बाबतीत हा प्रसंग घडूच शकत नाही. म्हणून तो कसांड्राच्याही वाट्याला आला नाही.

त्यातही मोठी चुटपुट लागते ती इनामाच्या यंत्रणेची. ‘ऑडिसी’त तुम्ही चोरी केलीत, कोणाला मारलंत, की तुमच्या डोक्यावर इनाम लागतं आणि भाडोत्री सैनिक मागावर निघतात. इनाम वाढेल तसे मागावरचे लोक वाढतात, पैसे भरून ते उतरवताही येतं. खेळातली ही सगळी घडी तयार होती. जहाजावर हिरोडोटस होता. एका बाईने शस्त्र उचललं म्हणून अथेन्सने लावलेल्या इनामाची गोष्ट त्याच्याच ग्रंथात होती. कसांड्रासाठी अथेन्सच्या हद्दीत इनाम वेगळ्या कारणाने आणि वेगळ्या दराने चढतं, आणि स्पार्टाच्या हद्दीत तसं होत नाही, एवढा फरक केला असता तरी खेळाडूला तो काळ हाताने जाणवला असता. त्यासाठी एकही व्याख्यान द्यावं लागलं नसतं.

हे शक्य असतं याचा पुरावा याच मालिकेत आहे, आणि तो या सगळ्या वादाच्या आधीचा आहे. 2012 मध्ये ‘लिबरेशन’ नावाचा भाग हातात धरून खेळायच्या प्लेस्टेशन व्हिटा या छोट्या यंत्रासाठी निघाला. सोफियातल्या स्टुडिओने तो बनवला होता. काळ 1765 ते 1777, गाव न्यू ऑर्लिन्स, फ्रेंचांकडून स्पॅनिशांकडे गेलेलं. नायिका ॲव्हलीन द ग्रांप्रे ही श्रीमंत फ्रेंच व्यापाऱ्याची आणि गुलामगिरीत असलेल्या आफ्रिकी स्त्रीची मुलगी. मालिकेतली ही पहिली मुख्य नायिका. ॲव्हलीनला तीन वेश घेता येतात. घरंदाज बाईच्या झग्यात तिला भिंती चढता येत नाहीत, पण पहारेकऱ्यांना गोड बोलून वळवता येतं आणि मोठ्या घरांचे दरवाजे तिच्यासाठी उघडतात. गुलाम स्त्रीच्या वेशात ती काम करणाऱ्यांमध्ये मिसळून जाते आणि मालकांना दिसेनाशी होते, पण शस्त्र फारसं जवळ ठेवता येत नाही. खुन्याच्या वेशात सगळं जमतं, मात्र संशयही ताबडतोब येतो. बाई असणं, वर्णाने काळी असणं आणि पैसेवाली असणं या तिन्ही गोष्टींनी त्या शहरात कोणत्या वाटा खुल्या होत होत्या आणि कोणत्या बंद, ते इथे खेळाचा नियम बनून समोर येतं. हा गेम लहान आहे, त्यातल्या काही कामगिऱ्या फारच किरकोळ आहेत, कथाही मध्येच विस्कटते. तरी गुलामगिरीतल्या शहराबद्दल तो जे समजावतो ते नंतरच्या कितीतरी मोठ्या, कितीतरी देखण्या भागांना साधलेलं नाही. ॲव्हलीनच्या जागी पुरुष पात्र घेण्याची सोय दिली असती, तर ही वेशांची कल्पना सुचलीच नसती.

यावरचा सगळ्यांत गंभीर आक्षेप स्त्री खेळाडूंकडून येतो. रस्त्यावर, कार्यालयात, इंटरनेटवर जे रोज भोगायला लागतं, तेच संध्याकाळी विरंगुळ्यासाठी लावलेल्या खेळातही का भोगायचं? कसांड्राला कोणी अडवत नाही यातच तिचं सुख आहे, असं अनेकींना वाटतं, आणि हे सुख खोटं नाही. माझं म्हणणं एवढंच की, अडथळा आणि अपमान या वेगळ्या गोष्टी आहेत. ॲव्हलीनच्या झग्यामुळे भिंत चढता येत नाही हा अडथळा आहे. खेळाडूला त्यातून युक्ती काढावी लागते, आणि युक्ती सापडल्याचा आनंद हेच तर या प्रकारच्या खेळाचं मर्म आहे. शिवीगाळ आणि बळजबरी दाखवून काळ ‘खरा’ केल्याचा आव आणणारे लेखक आळशी असतात, त्यांची बाजू घेण्याचं काही कारण नाही. पण सगळ्या भिंती पाडून टाकल्या, की त्या ओलांडून गेलेल्या बायकांचं कर्तृत्वही दिसेनासं होतं. क्रीडेच्या इतिहासात स्पार्टाच्या किनिस्काचं नाव राहिलं, कारण इ.स.पू. 396 आणि 392 मध्ये तिच्या घोड्यांनी ऑलिंपियाची रथशर्यत जिंकली, आणि विजय रथ हाकणाऱ्याचा नसून घोड्यांच्या मालकाचा मानला जाई. नियमांतल्या त्या फटीतून ती आत शिरली. कसांड्राच्या ऑलिंपियात फट शोधण्याची गरजच नाही, आणि मग किनिस्काने काय केलं हेही कळण्याचा मार्ग राहत नाही.

दुसऱ्या टोकाकडून येणारा आक्षेप फार गोंगाटाचा असतो: त्या काळी बायका लढतच नव्हत्या, तेव्हा त्यांना आणणं म्हणजेच खोटा इतिहास. हा आक्षेप घेणाऱ्यांना एकटा पुरुष शंभर पहारेकऱ्यांना लोळवतो हे कधी खटकत नाही. आणि इतिहासाचं मौन त्यांना वाटतं तेवढं निरपराध नाही. स्वीडनमधल्या बिर्का इथे 1878 मध्ये याल्मार स्टोल्पे यांनी एक थडगं खणलं. आत तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण, दोन घोडे आणि पटावरच्या खेळाच्या सोंगट्या. शस्त्रं आहेत म्हणजे पुरुषच, असं शतकभर धरून चाललं. 2017 मध्ये हाडांच्या डीएनए तपासणीतून कळलं की ती हाडं एका बाईची होती. त्यावर लगेच शंका आल्या: शस्त्रं तिचीच कशावरून, ती खरोखर लढली कशावरून? शंका रास्त आहेत. पण तोच सांगाडा पुरुषाचा मानला जात होता तोवर त्या इतक्या जोमाने विचारल्या गेल्या नव्हत्या. 2020 च्या ‘वल्हाला’तली एव्होर ही अशाच काळातली, नवव्या शतकातली नॉर्स योद्धी, आणि बिर्काच्या वादानंतर तिच्यासारखं पात्र कल्पनेबाहेरचं राहत नाही. पण इथेही कंपनीने पुरुष एव्होर, स्त्री एव्होर, आणि यंत्रालाच ठरवू द्यावं असे तीन पर्याय ठेवले, जाहिरातींच्या पुढच्या रांगेत पुरुषाला उभं केलं, आणि इंग्लंडच्या मठांत-दरबारांत एक सशस्त्र परकी बाई आल्याचं कोणालाही नवल वाटू दिलं नाही.

हा शेवटी खेळ आहे, त्यात देवही आहेत आणि राक्षसही, इतिहासाचा एवढा धोशा कशाला, असंही म्हटलं जातं. भविष्यकाळातल्या गेमसाठी मी हे मान्य करतो. ‘मास इफेक्ट’मध्ये कमांडर शेपर्ड स्त्री निवडा की पुरुष, फरक पडत नाही, कारण बाविसाव्या शतकात फरक पडणार नाही असं लेखकांनी ठरवलं आहे आणि तसं ठरवण्याचा त्यांना हक्क आहे. भूतकाळाबद्दल तसं ठरवता येत नाही. शिवाय ही मालिका इतिहास विकते. कंपनीने इतिहासकार नोकरीला ठेवले, आणि मारामारी वगळून फक्त प्राचीन इजिप्त आणि ग्रीस पाहत फिरण्याची ‘डिस्कव्हरी टूर’ काढली. त्या इजिप्तच्या शाळेत मुलींनाही बसवलेलं आहे, आणि ते ऐतिहासिकदृष्ट्या बरोबर नाही, आम्ही जाणूनबुजून केलं आहे, असं तिथेच सांगितलंही आहे. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. मुख्य गेममध्ये मात्र अशी कबुली कुठेही नाही.

स्वातंत्र्याचं काय? निवड ठेवली की प्रेम कोणावर करायचं हेही खेळाडू ठरवतो, आणि समलिंगी खेळाडूंना ‘ऑडिसी’ने दिलेली मोकळीक मोलाची होती. पण हे वचनही कथेच्या ओझ्याखाली मोडलं. जानेवारी 2019 च्या पुरवणीत खेळाडूने आधी काहीही निवडलेलं असो, कसांड्राला वा अलेक्सिओसला भिन्नलिंगी जोडीदाराकडून मूल व्हायचंच होतं, कारण वंश पुढे चालला पाहिजे. खेळाडू संतापले, दिग्दर्शकांनी माफी मागितली, काही भाग बदलावा लागला. पात्र तुमचं आहे असं आधी सांगायचं आणि लेखकाला गरज पडली की ते परत घ्यायचं, असा हा प्रकार. पुढे कंपनीने स्वतःचं उत्तरही देऊन टाकलं. ‘ऑडिसी’वरच्या कादंबरीची नायिका कसांड्रा आहे, आणि डिसेंबर 2021 मध्ये एव्होरला येऊन भेटली तीही कसांड्राच. खरी कथा तिचीच होती, मग ती आधी तशी सांगायला काय हरकत होती?

खपाची भीती, हे याचं उत्तर आहे, आणि ते तपासून पाहायला हवं. ‘ऑडिसी’ खेळणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी कसांड्रा निवडली असं कंपनीने सांगितलं. वेष्टनावर अलेक्सिओस, मोठ्या जाहिरातींत अलेक्सिओस, आणि मग लोकांनी अलेक्सिओस निवडला याला लोकांची आवड म्हणायचं, हा हिशेब सरळ नाही. दुसरीकडे 2017 च्या ‘होरायझन झिरो डॉन’मध्ये एलॉय नावाची एकच नायिका आहे, पर्याय नाही. त्याच्या 2 कोटींहून अधिक प्रती खपल्या. पुण्यात यूबिसॉफ्टचा मोठा स्टुडिओ आहे, आणि त्याच पुण्यात नोडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने 2020 मध्ये ‘राजी’ बनवला, ज्यात दुर्गेचं बळ घेऊन भावाला शोधत निघालेली एकच मुलगी आहे. तुटपुंज्या साधनांच्या त्या चमूला जे धाडस करता आलं, ते पॅरिसच्या बलाढ्य कंपनीला वर्षानुवर्षं जमत नव्हतं.

मार्च 2025 च्या ‘शॅडोज’मध्ये वारा थोडा बदलला. सोळाव्या शतकातल्या जपानच्या या कथेत दोन नायक आहेत, इगा प्रांतातली तरुण हेर नाओए आणि सरदार ओडा नोबुनागाच्या पदरी असलेला आफ्रिकी यासुके, पण इथे लिंगाचं बटण नाही. दोन माणसं आहेत, दोन शरीरं, दोन भूतकाळ. नाओए छपरांवरून सरपटते, अंधारात विरघळते. यासुके दरवाजे फोडतो. 1581 मध्ये नोबुनागाच्या फौजांनी इगा बेचिराख केलं ते नाओएच्या घरात घडतं. तिच्यासारख्या स्त्री हेरांचे पुरावे फार पातळ आहेत, आणि तिच्या समाजात मुलीचं जिणं कसं होतं याबद्दल गेम अजूनही बुजतो. पण निदान तिची कथा दुसऱ्या कोणाच्या मापाने बेतलेली नाही.

सप्टेंबर 2022 मध्ये कंपनीने या मालिकेतला ‘हेक्से’ हा पुढचा गेम जाहीर केला, आणि बातम्यांनुसार त्याचा काळ मध्य युरोपातल्या चेटकिणींच्या खटल्यांचा आहे. त्या दोन-तीन शतकांत युरोपात 40 ते 60 हजार माणसांना चेटूक केल्याच्या आरोपावरून मारण्यात आलं, आणि त्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. 1626 ते 1631 या काळात व्युर्झबुर्ग आणि बाम्बेर्ग इथे शेकडो लोक जाळले गेले. त्यांत पुरुष होते, मुलं होती, श्रीमंत नगरसेवकही होते, पण आरोपाची पहिली बोटं बहुधा विधवांकडे, म्हाताऱ्या बायकांकडे वळत. अशा गावात नायक हवा की नायिका असं खेळाडूला विचारून तीच कथा दोन्ही देहांवर बसवायची ठरली, तर शेजाऱ्याचा संशय, न्यायाधीशाचे प्रश्न, छळाच्या कोठडीतलं कबुलीपत्र यातलं काहीच नीट लिहिता येणार नाही. त्या गावात विधवा म्हणून, सुईण म्हणून, मुलगी म्हणून जगणारी एक बाई ठरवून टाका, आणि बाकीचं तिच्यावरून लिहा.